पाणी तापवायचं की घालवायचं? : कन्व्हेक्शनवरच्या स्वयंपाकाची उजळणी

कन्व्हेक्शनची सोय असलेला मायक्रोवेव्ह घरात असेल, तर कोणताही पदार्थ आत ठेवण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: मला यातलं पाणी तापवायचं आहे, की घालवायचं आहे? कालची आमटी, भात किंवा दूध तापवायचं असेल, तर पाणी तापवायचं आहे. तिथे मायक्रोवेव्हचं बटण दाबावं. नानकटाई, केक, पाव, खुसखुशीत वडी किंवा मऊ पडलेली खारी यांना मात्र पाणी नको असतं. निदान वरच्या थरातलं तरी जायला हवं असतं. तिथे कन्व्हेक्शन. या प्रश्नाचं उत्तर देता आलं, की यंत्राच्या दारावरच्या डझनभर चिन्हांचा धाक उरत नाही.

मायक्रोवेव्हच्या लहरी अन्नातल्या पाण्याचे रेणू हलवतात आणि त्यातून उष्णता तयार होते. घरगुती यंत्रांत या लहरींची वारंवारता २४५० मेगाहर्ट्झ असते. त्या पदार्थात साधारण दोन-तीन सेंटीमीटर आत शिरतात, त्याच्या पुढचा भाग आतल्या आत उष्णता पसरून तापतो. पण ओव्हनमधली हवा गारच राहते. पदार्थात पाणी आहे तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही, आणि आतून निघालेली वाफ गार पृष्ठभागावर येऊन तिथेच ओल धरते. म्हणून मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेला सामोसा आतून चटका देतो आणि बाहेरून लिबलिबीत होतो. पदार्थाला तांबूस रंग आणि खमंग वास येतो तो प्रथिनं आणि साखर यांच्यातल्या एका प्रक्रियेमुळे. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामी मायार यांनी १९१२ साली तिचं वर्णन केलं. ही प्रक्रिया जोमाने व्हायला पृष्ठभाग १४० अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापावा लागतो. ओल्या पृष्ठभागाला हे शक्यच नसतं.

कन्व्हेक्शन चालू केलं की लहरी बंद असतात. एक विजेची कॉइल तापते आणि तिच्यामागचा किंवा वरचा पंखा ती गरम, कोरडी हवा आत फिरवत राहतो. हवा पदार्थाच्या अंगावरून वाहते, ओल उचलते, पृष्ठभाग वाळतो आणि मगच रंग धरतो. म्हणजे नाव मायक्रोवेव्हचं असलं, तरी त्या वेळी तुमच्या ओट्यावर एक छोटी भट्टी चालू असते. हे मनात पक्कं बसवणं फार गरजेचं आहे. कन्व्हेक्शनवरच्या बहुतेक चुका तिला मायक्रोवेव्ह समजून वागवल्यामुळे होतात.

भट्टी आपल्याला नवी नाही. कोकणात तवसाचं धोंडस करताना पातेल्याखाली विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवत, ते याच कारणासाठी. खालून शिजलं तरी वरून कोरडी उष्णता मिळाल्याशिवाय त्याला रंग चढत नाही. आणि घरात ओव्हन नव्हते तेव्हा मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचं आणि नानकटाईचे डबे भरून आणायचे, ही पद्धत महाराष्ट्रातल्या अनेक गावांत होती, काही ठिकाणी अजून आहे.

यंत्र बसवतानाची एक गोष्ट आधी सांगते, कारण ती सुरक्षिततेची आहे. कन्व्हेक्शनवर ही यंत्रं बहुधा दोन हजार वॅट किंवा त्याहून जास्त वीज घेतात, म्हणजे आपल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर जवळजवळ नऊ-दहा अँपिअर. मिक्सरचा सहा अँपिअरचा प्लग किंवा एक्स्टेन्शनची वायर याला चालत नाही. १६ अँपिअरचा पॉवर प्लग आणि नीट अर्थिंग हवंच. यंत्राच्या मागे, बाजूंना आणि वर पुस्तिकेत सांगितली आहे तेवढी मोकळी जागा सोडा, आणि वर डबे, वर्तमानपत्रं, प्लास्टिकचे ट्रे ठेवू नका. कन्व्हेक्शनवर बाहेरचा पत्राही चांगलाच तापतो. नवं यंत्र असेल तर पहिल्यांदा आत काहीही न ठेवता, फक्त कन्व्हेक्शनवर २०० अंशांना दहा-पंधरा मिनिटं चालवा. कॉइलवरच्या तेलाचा वास आणि थोडा धूर येईल, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा. रिकामं चालवायचं ते फक्त कन्व्हेक्शनवर. मायक्रोवेव्हवर रिकामं यंत्र कधीही चालवू नये, लहरी शोषायला आत काही नसलं तर यंत्रालाच इजा होते.

आता भांडी. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण एकाच कपाटाला दोन उलटे नियम लागतात. मायक्रोवेव्हवर धातू नको, प्लास्टिकचे खास डबे चालतात. कन्व्हेक्शनवर धातू उत्तम, आणि प्लास्टिक अजिबात नको, मग त्यावर ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेलं असलं तरी. ते लिहिलेलं असतं लहरींसाठी, १८० अंशांच्या हवेसाठी नव्हे. असा डबा आत वितळतो आणि त्याचा वास यंत्रातून बरेच दिवस जात नाही. जाड बोरोसिलिकेट काचेची भांडी दोन्हीकडे चालतात, पण तापलेलं काचेचं भांडं ओल्या ओट्यावर ठेवू नये आणि फ्रिजमधलं थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नये. सिलिकॉनचे साचेही दोन्हीकडे चालतात, मात्र त्यांच्यावर लिहिलेली तापमानाची मर्यादा बघावी. सिलिकॉनमध्ये केकच्या कडांना रंग कमी येतो, म्हणून केकसाठी मी ॲल्युमिनियमचाच डबा सुचवीन. आपल्याकडे स्टीलचे डबे भरपूर असतात, ते चालतात, पण स्टील उष्णता हळू आणि असमान पसरवतं. त्यात केकची कड आधी कडक होते आणि मधला भाग मागे राहतो. काळ्या, नॉनस्टिक डब्यात पदार्थ लवकर तांबूस होतो, तेव्हा तापमान दहा अंश कमी ठेवा.

डब्याचा आकार गोलच घ्या. आतली ताटली फिरते, आणि चौकोनी डब्याचे कोपरे भिंतीला अडले की ती थांबते. मग पंख्याकडची बाजू करपते आणि दुसरी पांढरी राहते. २५ ते ३० लिटरच्या यंत्रात सात-आठ इंची गोल डबा बसतो. डबा आणि भिंत यांच्यात सगळीकडून बोटभर तरी जागा हवी, कारण तिथूनच हवा वाहणार असते. डबा फिरतो का, हे रिकामा असतानाच तपासून घ्यावं. पीठ ओतल्यावर नव्हे.

मिश्र सेटिंगवर, म्हणजे लहरी आणि गरम हवा दोन्ही एकत्र चालू असतात तिथे, दोन्हीकडचे नियम लागतात: धातूचा डबाही नको आणि प्लास्टिकही नको. यंत्रासोबत आलेली जाळी मात्र पुस्तिकेत सांगितलेल्या सेटिंगवर चालते, ती त्यासाठीच बनवलेली असते. घरातली दुसरी जाळी तिच्या जागी वापरू नये.

जाळीचं काम मोठं आहे. केकचा डबा थेट फिरत्या ताटलीवर ठेवला, तर त्याच्या खालून हवा जात नाही आणि तळ पांढरा, ओलसर राहतो. बुटक्या जाळीवर ठेवला की चारही बाजूंनी हवा मिळते. उंच जाळी ग्रिलच्या कॉइलजवळ जाते, ती रंग आणण्यासाठी: टिक्का, वड्या, पावावरचं चीज. केक उंच जाळीवर ठेवला, तर वरची कड आधी घट्ट होते आणि आतलं पीठ नंतर फुगून तिला तडा देतं.

आता ओव्हन आधी तापवून घेण्याबद्दल. घाई करण्याचा मोह इथे सगळ्यांनाच होतो, आणि केक बसण्याची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते. बेकिंग सोडा दह्याशी भेटला की लगेच वायू सोडायला लागतो. त्या बुडबुड्यांभोवती पीठ वेळेत घट्ट झालं तरच केक हलका होतो. गार ओव्हनमध्ये बुडबुडे फुटून जातात आणि पीठ नंतर शिजतं. म्हणून सोडा पिठात पडायच्या आधी ओव्हन तापलेला असला पाहिजे. बहुतेक यंत्रांत कन्व्हेक्शन निवडायचं, तापमान द्यायचं आणि वेळ न देता स्टार्ट दाबायचं. ठरलेलं तापमान आलं की बीप वाजतो. पण त्या बीपवर लगेच विश्वास टाकू नका. तो फक्त सेन्सरजवळची हवा तापल्याचं सांगतो, भिंती, जाळी आणि ताटली अजून मागे असतात. दार उघडलं की हवा बाहेर जाते आणि मागे उष्णता धरून ठेवायला काही नसतं. बीपनंतर आणखी पाच-सात मिनिटं तसंच तापू द्या. जाळी आतच ठेवून तापवा. मग दार उघडा, डबा ठेवा, दार लावा, हे सगळं चटकन करा आणि वेळ देऊन पुन्हा स्टार्ट दाबायला विसरू नका. बऱ्याच यंत्रांत हे दुसरं स्टार्ट दाबलं नाही, तर थोड्या वेळाने तापवणं बंद पडतं.

तापमानाचा हिशोब. पुस्तकांतल्या बऱ्याच कृती पंखा नसलेल्या ओव्हनसाठी लिहिलेल्या असतात. वाहती हवा स्थिर हवेपेक्षा जास्त वेगाने उष्णता देते, म्हणून अशी कृती कन्व्हेक्शनवर करताना तापमान १५ ते २० अंशांनी कमी करावं आणि वेळ संपायच्या दहा मिनिटं आधीपासून लक्ष ठेवावं. अमेरिकेतल्या बहिणीने किंवा मैत्रिणीने पाठवलेली कृती फॅरेनहाइटमध्ये असते. तिथला नेहमीचा ३५० म्हणजे आपले साधारण १७७ अंश सेल्सिअस, तो आपल्या पंख्याच्या ओव्हनवर १६० धरावा. ३२५ म्हणजे १६३ आणि ४०० म्हणजे २०४. शिवाय तिकडचा कप साधारण २४० मिलिलिटरचा असतो. घरातल्या वाटीने मापणार असाल, तर सगळ्या जिनसा त्याच एका वाटीने मापा, म्हणजे प्रमाण बिघडत नाही.

तुमच्या यंत्रावर १८० दिसतं तेव्हा आत खरोखर १८० असतात का? दहा-वीस अंशांचा फरक अगदी नेहमीचा आहे. ओव्हनचा साधा काट्याचा थर्मामीटर घेऊन तो बुटक्या जाळीवर ठेवा, १८० लावा, वीस मिनिटांनी काचेतून वाचा. फरक कळला की एका चिठ्ठीवर लिहून यंत्राच्या बाजूला चिकटवा. महागड्या साच्यांपेक्षा आधी ही वस्तू घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. जिथे संध्याकाळी व्होल्टेज उतरतं, तिथे ओव्हन तापायला जास्त वेळ लागतो. अशा ठिकाणी भाजण्याची कामं दुपारी ठेवणं बरं.

सुरुवात नानकटाईने करा. केकपेक्षा ती जास्त शिकवते, कारण तिच्यात तूप, तापमान आणि वेळ यांच्याशिवाय लपायला जागा नाही. १२५ ग्रॅम मैदा, २५ ग्रॅम बेसन आणि एक मोठा चमचा बारीक रवा, पाव छोटा चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळून घ्या. ९० ग्रॅम साजूक तूप घ्या, थिजलेलं, पातळ केलेलं नको. त्यात ७५ ग्रॅम पिठीसाखर घालून पांढरं, हलकं होईपर्यंत फेसा. हाताने फेसलं तर उत्तम, तुपातला कण मोडलेला बोटांना कळतो. वेलचीपूड आणि जायफळ घाला, मग कोरडं मिश्रण घालून हलक्या हाताने गोळा करा. मळू नका, मळलं की मैद्याला चिवटपणा येतो. गोळा फुटत असेल तर चमचाभर तूप घाला, दूध नको. दुधातलं पाणी खुसखुशीतपणा घालवतं.

साधारण २० ग्रॅमच्या गोळ्या करून थोड्या चपट्या करा आणि पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. तोवर ओव्हन १६० अंशांना तापेल. पसरट ॲल्युमिनियमच्या गोल ताटलीत बटर पेपर घाला, तो ताटलीच्या मापाने कापा. कडेला बाहेर आलेला कागद पंख्याच्या वाऱ्याने उडतो आणि कॉइलला लागू शकतो. एका वेळी आठेक नानकटाया, एकमेकींपासून दोन बोटं दूर. बुटक्या जाळीवर १६ ते २० मिनिटं. कडा किंचित सोनेरी आणि वरचा भाग फिकट दिसला की काढा. त्या वेळी त्या मऊ लागतील, बोटाने दाबल्या तर खचतील. त्यांना कच्च्या समजून परत आत ठेवू नका. तूप गार होऊन थिजलं की त्या आपोआप घट्ट होतात. ताटलीतच दहा मिनिटं राहू द्या, मग जाळीवर काढा. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. कोमट भरल्या तर डब्यात वाफ धरते आणि भट्टीतून घालवलेलं पाणी परत येतं. पहिली खेप चालू असताना दुसरीच्या गोळ्या फ्रिजमध्येच राहू द्या.

नानकटाई पसरून पापडासारखी झाली, तर तूप पातळ होतं किंवा ओव्हन पुरेसा तापलेला नव्हता. वरून तडे गेले तर थोडे हवेतच, तो तिचा चेहरा आहे. खालून काळी आणि वरून पांढरी असेल, तर ताटली पातळ आहे. पुढच्या वेळी खाली आणखी एक ताटली ठेवा.

रव्याच्या केकला वेगळी शिस्त लागते. एक वाटी बारीक रवा, पाऊण वाटी साखर, पाऊण वाटी दही, अर्धी वाटी दूध आणि पाव वाटी तूप किंवा वास नसलेलं तेल मिसळून अर्धा तास झाकून ठेवा. रवा पाणी पितो, त्याला तेवढा वेळ द्यावाच लागतो, नाहीतर केकात कण कचकचतात. ओव्हन १६५ अंशांना तापला, की एक छोटा चमचा बेकिंग पावडर आणि पाव छोटा चमचा सोडा घालून भराभर ढवळा, तूप लावलेल्या सहा इंची डब्यात ओता आणि लगेच आत ठेवा. पीठ डब्याच्या दोन तृतीयांशापेक्षा वर जाता कामा नये. तीस-पस्तीस मिनिटं लागतात. पहिली पंचवीस मिनिटं दार उघडू नका, काचेतून बघा. नंतर टूथपिक किंवा विणायची सुई मध्ये खुपसून बघा, कोरडी निघाली की झाला. वरून फार लवकर तांबूस झाला, तर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा वर घालून कडा डब्याखाली घट्ट दुमडा. सैल फॉइल वाऱ्याने उडते. आणि ही फॉइल फक्त कन्व्हेक्शनवर. पुढच्या वेळी त्याच डब्यात कोणी दूध तापवायला मायक्रोवेव्ह लावू नये, यासाठी काम झाल्यावर ती काढून टाका.

केक मध्ये खचला तर दार लवकर उघडलं होतं, किंवा सोडा जास्त झाला, किंवा तो बाहेर काढण्याच्या घाईत कच्चा राहिला. मधोमध डोंगर होऊन फाटला तर तापमान जास्त होतं. वरून काळा आणि आत ओला असेल, तर वेळ वाढवून उपयोग नाही. तापमान १५ अंशांनी खाली आणा आणि मग वेळ वाढवा. घाईच्या दिवशी तापमान वाढवून वेळ वाचवण्याचा विचार येतो, पण केकच्या बाबतीत तो कधीच फळत नाही.

गोव्याच्या नारळाच्या बाथ केकलाही हेच तंत्र चालतं, फक्त तो ओलसर असल्यामुळे ज्यादा दहा मिनिटं घेतो. बेबिंकाचं गणित मात्र वेगळं आहे. तिला सात किंवा अधिक थर असतात. एक थर वरून भाजला की त्यावर तूप, मग पुढचा थर ओतायचा. तिथे उष्णता वरूनच हवी, पूर्वी ती झाकणावरच्या निखाऱ्यांची असे. म्हणून पहिला थर कन्व्हेक्शनवर बसवून घ्या आणि पुढचे सगळे नुसत्या ग्रिलवर, उंच जाळीवर, दारापाशी उभं राहून. ग्रिलवर डाग पडायला आणि करपायला मध्ये एखादंच मिनिट असतं.

तिखटामिठाच्या पदार्थांत कन्व्हेक्शन सगळ्यात छान साथ देतं ते उकडलेल्या वड्यांना. कोथिंबीर वडी, अळूवडी उकडून, पूर्ण गार करून कापा, प्रत्येक वडीला दोन्ही बाजूंनी तेलाचं बोट फिरवा आणि २०० अंशांना पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मध्ये एकदा उलटा. तळलेल्या वडीची बरोबरी होणार नाही, पण कड कुरकुरीत होते आणि कमी तेलाचं स्वतःचं एक चांगलं रूप येतं. तेल अजिबातच लावलं नाही, तर मात्र वडी चामड्यासारखी होते. तेल पृष्ठभागाला उष्णता पोचवतं, ते वगळू नका. बटाट्याच्या फोडी आधी मायक्रोवेव्हवर चार-पाच मिनिटं शिजवून घ्या, मग पुसून कोरड्या करा, तेल-मीठ-तिखट लावून २०० अंशांना भाजा. आधी पाणी तापवून फोड शिजवली आणि मग पाणी घालवून ती खमंग केली, दोन्ही बटणं आपापल्या कामाला लागली.

मिश्र सेटिंगचं कामही असंच आहे. मोठं, जाड, आतून शिजायला वेळ लागणारं काही असेल, जसं भरलेली ढोबळी मिरची किंवा चिकनचे मोठे तुकडे, तर लहरी आतून शिजवतात आणि हवा वरून रंग देते. चिकनच्या सगळ्यात जाड भागात ७४ अंश तापमान आलं पाहिजे. आपल्याकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर सहसा नसतो, मग हाडाजवळ सुरी खुपसून रस स्वच्छ येतो का ते बघावं, आणि शंका असेल तर आणखी पाच मिनिटं. केक, बिस्किटं, पाव यांना मिश्र सेटिंगवर घालू नये, लहरींनी आतलं पाणी आधीच उसळतं. पापलेट किंवा सुरमईचा तुकडा मसाला लावून कन्व्हेक्शनवर २०० अंशांना बारा-पंधरा मिनिटांत होतो, मात्र मसाला ओला गिच्च नको. दह्यात मुरवलेलं काहीही आत ठेवण्याआधी जादा दही निथळून जाऊ द्या, आणि जाळीखाली ताटली ठेवा.

काही गोष्टी यंत्राकडून मागू नयेत. चकली तळावीच. भाजलेली चकली टणक होते. भरताचं वांगं २२० अंशांना पाऊण तासात मऊ होतं (टोचे मारून ठेवा, नाहीतर फुटतं), पण त्याला जाळाचा वास येत नाही. भरीत जाळावरचंच चांगलं. भाकरी आणि पोळी तव्याचीच. करंज्या मात्र तुपाचं मोहन घातलेल्या पिठाच्या केल्या, वरून दूध लावलं आणि १८० अंशांना पंधरा-वीस मिनिटं भाजल्या, तर वेगळ्या पण चवदार होतात. त्या तळलेल्यांचा पर्याय म्हणून नव्हे, स्वतंत्र पदार्थ म्हणून करा.

रोजच्या उपयोगाचं एक काम राहिलं. सादळलेली खारी, टोस्ट, चिवडा, कुरडया, मऊ पडलेले शेंगदाणे: १२० अंशांना आठ-दहा मिनिटं, मग बाहेर उघड्यावर गार करा. कालचा सामोसा किंवा पॅटिस १८० अंशांना आठ मिनिटं. कच्चे शेंगदाणे मायक्रोवेव्हवरही भाजता येतात, पण तिथे दाणा आतून आधी करपतो आणि बाहेरून दिसत नाही. कन्व्हेक्शनवर १६० अंशांना पंधरा-वीस मिनिटं, मध्ये एकदा हलवून, सगळे सारखे होतात. आणि यंत्रात ४० अंशांची सोय असेल, तर थंडीच्या दिवसांत ती खूप कामाची आहे: ४० ला तापवा, बंद करा, आत विरजण लावलेलं दूध किंवा यीस्टचं पीठ झाकून ठेवा.

विजेचा धसका अनेकांना असतो. दोन हजार वॅटचं यंत्र तासभर सलग चाललं, तरी दोन युनिट होतात, आणि ठरलेलं तापमान आलं की कॉइल मध्ये मध्ये बंद होते, म्हणून प्रत्यक्षात कमीच. तरी एकदा भट्टी तापवली, की एका पाठोपाठ दोन-तीन पदार्थ करावेत: आधी १६० ची नानकटाई, मग १६५ चा केक, शेवटी २०० च्या वड्या. तापमान चढत जाणारा क्रम ठेवला, की मध्ये थांबावं लागत नाही.

बंद केल्यावर पंखा काही वेळ फिरत राहतो, तो आतले भाग गार करत असतो. तेव्हा प्लग काढू नका. साफसफाई पूर्ण गार झाल्यावर, ओल्या मऊ फडक्याने, तारेची घासणी न वापरता. चिकट डागांसाठी वाटीत पाणी, लिंबाची फोड आणि एक लाकडी चमचा घालून मायक्रोवेव्हवर तीन-चार मिनिटं चालवा, वाफेने डाग सुटतात. चमचा यासाठी, की नुसतं पाणी कधी कधी न उकळताच फार तापतं आणि हात लावताच उसळतं. आतल्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखी दिसणारी एक पट्टी असते, ती अभ्रकाची असते आणि तिच्यामागून लहरी येतात. ती काढू नका, फक्त तेल उडालं असेल तर हलकेच पुसा. तिच्यावर साचलेलं तेल पुढच्या वेळी जळतं आणि ठिणग्या उडतात. शेवटी कोरड्या फडक्याने आतली ओल टिपून घ्या आणि दार थोडं उघडं ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेला कॉइलला आधी ते पाणी उडवण्यात वेळ घालवावा लागणार नाही.